जुन्या संगणकावर मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम पोर्ट करणे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

बँकेच्या शाखेतून, छापखान्यातून किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून निकालात काढलेला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा संगणक हाती आला, की त्यावर लिनक्स चालेल का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर यंत्राच्या वयावरून मिळत नाही. प्रोसेसर कोणत्या कुळातला आहे, त्याच्याजवळ मेमरीचे पत्ते भाषांतरित करणारे मेमरी मॅनेजमेंट युनिट, म्हणजे एमएमयू, आहे की नाही, आणि बोर्डावरील बाकीच्या चिप्सची माहिती कोठे मिळेल, या तीन गोष्टी कळल्या की उत्तर बऱ्याच अंशी ठरते. ज्या यंत्राला आधीपासून पाठिंबा आहे त्यावर सिस्टीम इन्स्टॉल करण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखाचा विषय त्यापुढचा आहे: ज्या यंत्रासाठी अजून कोणीच काम केलेले नाही, त्यावर मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम कशी न्यावी, म्हणजेच पोर्ट कशी करावी.

या कामासाठी सी भाषा बऱ्यापैकी येणे, असेंब्ली वाचता येणे आणि मल्टिमीटर हाताळता येणे एवढी तयारी पुरते. कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा, फार मोठा भाग यंत्रनिरपेक्ष असतो आणि तो तुम्हाला लिहायचा नसतो. प्रोसेसर ओळखीचा असेल तर नव्या बोर्डासाठी लागणारा भाग काही हजार ओळींचा असतो, आणि त्यातल्याही बऱ्याचशा ओळी जवळच्या एखाद्या पोर्टमधून थोड्या फेरफाराने घेता येतात. खरा वेळ जातो तो बोर्ड समजून घेण्यात.

यंत्र आणि सिस्टीम यांची जोडी

नवशिक्याने प्रोसेसर जुनाच, म्हणजे निवडलेल्या सिस्टीमला आधीपासून माहीत असलेला, घ्यावा आणि बोर्ड तेवढा नवा ठेवावा. प्रोसेसरही नवा आणि बोर्डही नवा असे काम अनुभवी लोकांनासुद्धा वर्षानुवर्षे पुरते, कारण तेथे कंपायलरपासून सुरुवात करावी लागते. कंपायलर जिवंत आहे का, हे आधी पाहावे. मोटोरोलाच्या ६८००० कुळाचा जीसीसी या मुक्त कंपायलरमधील आधार काढून टाकला जाण्याच्या बेतात होता. त्याच्या जुन्या अंतर्गत रचनेचे नूतनीकरण २०१९ साली झाले, तेव्हा कोठे तो टिकला. लिनक्स कर्नलनेही जुने प्रोसेसर वेळोवेळी सोडलेले आहेत. ज्या ८०३८६ प्रोसेसरवर १९९१ साली लिनक्सचा जन्म झाला, त्याचाच आधार २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत काढला गेला, आणि २०१८ मधील ४.१७ या आवृत्तीत तर आठ आर्किटेक्चर्स, म्हणजे प्रोसेसरची कुळे, एका दमात वगळली गेली. यात लिनक्सचा दोष काढण्यासारखे काही नाही. ज्या कोडची चाचणी घेणारे कोणी उरत नाही तो कोड ओझे होतो.

एमएमयू असलेल्या ३२ बिटी जुन्या यंत्रासाठी माझी शिफारस नेटबीएसडी या युनिक्ससदृश मुक्त सिस्टीमची आहे. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाने पन्नासहून अधिक प्रकारच्या यंत्रांपर्यंत मजल मारली आहे, आणि नव्या यंत्रावर जाणे सोपे व्हावे या दृष्टीनेच त्याच्या कोडची मांडणी केलेली आहे. ८०८८ किंवा ८०८६ प्रोसेसरच्या पीसी-एक्सटी वर्गातील यंत्रासाठी ‘एल्क्स’ ही लिनक्सच्या धर्तीवरची छोटी सिस्टीम आहे. ती आयबीएमशी सुसंगत नसलेल्या जपानी पीसी-९८ यंत्रावरही नेली गेली आहे, त्यामुळे तिच्या कोडमध्ये यंत्रभेद कोठे येतो हे शोधणे अवघड जात नाही. झेड-८० किंवा ६८०९ यांसारख्या आठ बिटी प्रोसेसरसाठी ‘फ्युझिक्स’ आहे. ती २०१४ पासून विकसित होत आली आहे, आणि तिचा नवा पोर्ट एका माणसाच्या आवाक्यात बसतो. पुढील विवेचनात ६८००० कुळातील ६८०३० प्रोसेसरचा, युनिक्स चालवण्यासाठी बनवलेला, पडद्याऐवजी टर्मिनल जोडायचा बोर्ड गृहीत धरला आहे. १९८४ साली सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला आणि त्यानंतर बँकांत संगणक मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. त्या काळातील यंत्रांत असे बोर्ड भेटण्याचा संभव असतो.

विकत घेण्यापूर्वी प्रोसेसरवरील अक्षरे नीट वाचावीत. ६८०३० मध्ये एमएमयू अंतर्भूत असतो, पण ६८ईसी०३० या स्वस्त भावंडात तो नसतो. ६८एलसी०४० मध्ये एमएमयू असतो आणि गणिती युनिट नसते. ६८ईसी०४० मध्ये दोन्ही नसतात. मूळ ६८००० वर नेटबीएसडी चालणार नाही, आणि त्याचे कारण केवळ वेग किंवा मेमरी हे नाही. मेमरीत नसलेल्या पानाला, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याला, हात लागला की प्रोसेसरने थांबावे, कर्नलने ते पान आणावे आणि अर्धवट राहिलेली सूचना पुन्हा चालू व्हावी, यावर आभासी मेमरी उभी असते. ६८००० ला बस एररनंतर, म्हणजे एखाद्या पत्त्यावरून उत्तर न मिळाल्याच्या चुकीनंतर, सूचना भरवशाने पुन्हा सुरू करता येत नाही. ही उणीव ६८०१० मध्ये दूर झाली. मेमरी १६ एमबी असेल तर काम निवांत होते. चार-आठ एमबीत कर्नल कापून-छाटून बसवावा लागतो, आणि ती कसरत पहिल्याच पोर्टमध्ये करू नये.

सामान कोठून जमवावे

ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, या कामासाठी अजूनही पुरेसा आहे. यूएसबीचे सिरीयलमध्ये रूपांतर करणारी केबल, सिरीयल संकेतांची पातळी बदलणारी मॅक्स२३२ ही चिप, नऊ आणि पंचवीस पिनांचे कनेक्टर, आयसी सॉकेट, क्रिस्टल, कपॅसिटर आणि ईप्रॉम, म्हणजे अतिनील प्रकाशाने पुसता येणारी मेमरी चिप, वाचण्या-लिहिण्याचा प्रोग्रामर या वस्तू तेथे मिळतात किंवा मागवून मिळतात. दुकानात काम सांगत बसण्यापेक्षा चिपचा क्रमांक कागदावर लिहून न्यावा. प्रत्यक्ष यंत्रांसाठी कुर्ला ते साकीनाका या पट्ट्यातील भंगाराची गोदामे आणि चोर बाजार पालथा घालणारे लोक आहेत. पण तेथे पोहोचेपर्यंत बोर्ड बहुधा सोने काढण्यासाठी वेगळे झालेले असतात. कार्यालयाकडून थेट यंत्र घेणे अधिक चांगले. मात्र १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्या संस्थांना आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यावा लागतो. म्हणून कागदोपत्री तो कचरा ठरण्यापूर्वी विचारणा करावी आणि रीतसर पत्र घ्यावे. यंत्रासोबत जुनी डिस्क आली आणि तीवर कोणाची खाती दिसली, तर ती चाळत बसू नये. बूटसाठी लागणारा भाग उतरवून घेऊन बाकीचा पुसून टाकावा.

वीज देण्यापूर्वी

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत बोर्डांचे हाल होतात. बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर ती सर्वांत आधी कापून काढावी, कारण तिच्यातून झिरपणारा अल्कधर्मी द्रव तांब्याच्या रेषा खात जातो. झिरपलेली जागा सौम्य व्हिनेगरने पुसून, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळू द्यावी. सॉकेटमधील चिप्स एकदा काढून पुन्हा बसवाव्यात. अमेरिकी बनावटीचे यंत्र असेल तर मागचा व्होल्टेजचा खटका २३० वर आहे याची खात्री करावी. वीजपुरवठ्याच्या डब्यातील जुने, तडे गेलेले कागदी कपॅसिटर आधीच बदलावेत, नाहीतर ते धूर काढून फुटतात. डब्याला बोर्ड न जोडता, योग्य तो नकली भार लावून, ५ आणि १२ व्होल्ट मोजल्यानंतरच पुढे जावे.

अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या चाळींतील वायरिंगमध्ये तिसऱ्या पिनेला अर्थ खरोखर जोडलेला असेलच असे नाही. अर्थ नसेल तर वीजपुरवठ्यातील फिल्टर कपॅसिटरमुळे यंत्राचा सांगाडा मुख्य विजेच्या जवळजवळ निम्म्या दाबावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो आणि हाताला झिणझिण्यांपलीकडे काही जाणवत नाही, पण त्या अवस्थेत लॅपटॉपची सिरीयल केबल खुपसली तर दोन्ही बाजूंची चिप जाऊ शकते. अर्थ दुरुस्त करून घ्यावा, आणि केबल नेहमी दोन्ही यंत्रे बंद असताना जोडावी.

बोर्ड वाचणे

आता बोर्डावरील प्रत्येक मोठ्या चिपचा क्रमांक वहीत उतरवावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण संपूर्ण पोर्टचा आराखडा याच यादीतून निघतो. सिरीयलसाठी झायलॉगची ८५३० किंवा मोटोरोलाची ६८६८१, इथरनेटसाठी एएमडीची ७९९०, डिस्क जोडण्याच्या स्कझी पद्धतीसाठी ३३सी९३ किंवा ५३८०, घड्याळासाठी १४६८१८, अशी नावे दिसली तर आनंद मानावा, कारण यांपैकी बहुतेकांचे ड्रायव्हर नेटबीएसडीमध्ये आहेत. ते विशिष्ट संगणकासाठी लिहिलेले नाहीत, चिपसाठी लिहिलेले आहेत. तुमच्या वाट्याला एवढेच येते की ही चिप या पत्त्यावर आहे, तिची रजिस्टरे, म्हणजे आतले माहितीचे छोटे कप्पे, इतक्या अंतरावर आहेत आणि ती या पातळीवर इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारी हाक, देते, हे ड्रायव्हरला सांगायचे. चिप्सच्या मूळ पुस्तिका बिटसेव्हर्ससारख्या संग्रहांत स्कॅन केलेल्या मिळतात. त्यांतील रजिस्टरांचे तक्ते छापून भिंतीवर लावावेत.

कोणती चिप कोणत्या पत्त्यावर बसते, हे मात्र चिपच्या पुस्तिकेत नसते. ते बोर्डाच्या रचनाकाराने ठरवलेले असते आणि बहुधा पाल किंवा गाल प्रकारच्या छोट्या तर्कचिप्समध्ये बंद असते. त्या चिप्सवर वाचनबंदी केलेली असू शकते. तेव्हा हा नकाशा मिळवण्याचा राजमार्ग म्हणजे बोर्डावरील बूट रॉम वाचणे. जी ईप्रॉम यंत्र सुरू होताच पहिल्यांदा चालते, तिला मेमरी किती आहे, सिरीयल कोठे आहे, डिस्क कोठे आहे हे सारे ठाऊक असतेच.

ईप्रॉम सॉकेटमधून काढताना तिच्या काचेच्या खिडकीवरचा कागद काढू नये, आणि कोणती ईप्रॉम कोणत्या सॉकेटमधली होती ते लिहून ठेवावे. ३२ बिटी बसवर चार आठ-बिटी ईप्रॉम शेजारी-शेजारी असतात आणि प्रत्येकीत दर चौथा बाइट असतो. प्रोग्रामरने चारही वाचून त्यांचे बाइट एकाआड एक गुंफले, की अखंड प्रतिमा तयार होते. गुंफण बरोबर जमली की नाही हे ताबडतोब कळते: ‘बूट’, ‘मेमरी’, ‘एरर’ असे सलग इंग्रजी शब्द वाचता येऊ लागतात. ६८००० कुळातील प्रोसेसर रीसेटनंतर शून्य पत्त्यावरून स्टॅक पॉइंटर आणि चौथ्या पत्त्यावरून पहिल्या सूचनेचा पत्ता उचलतो, म्हणून प्रतिमेतील पहिले आठ बाइट वाचले की रॉम कोणत्या पत्त्यावरून चालते याचा अंदाज येतो. मग यंत्रसूचना असेंब्लीत उलगडून दाखवणारा डिसअसेंबलर लावून पहिल्या काहीशे सूचना सावकाश वाचाव्यात. विशिष्ट पत्त्यांवर एकेक बाइट लिहिणाऱ्या सूचनांची रांग दिसली, आणि ते आकडे सिरीयल चिपच्या पुस्तिकेतील प्रारंभिक मांडणीशी जुळले, की नकाशातील पहिली खूण हाती आली.

असे वाचणे कायदेशीर आहे का, अशी शंका अनेकांना येते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ (१) (एबी) नुसार, प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला स्वतंत्रपणे तयार केलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून चालवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवता येते. मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसली पाहिजे. रॉममधून पत्ते आणि क्रम शिकावेत. तिचा कोड उचलून आपल्या पोर्टमध्ये घालू नये. कोणताही मुक्त प्रकल्प तो स्वीकारणार नाही.

क्रॉस-कंपायलर आणि सराव

जुन्या यंत्रावर बसून त्याचाच कर्नल कंपाइल करण्याचा मोह टाळावा. नेटबीएसडीच्या स्रोतात २००२ च्या १.६ आवृत्तीपासून ‘बिल्ड.एसएच’ ही स्क्रिप्ट आहे. ती तुमच्या लिनक्स किंवा मॅक लॅपटॉपवर आधी लक्ष्य-प्रोसेसरसाठीचा कंपायलर, असेंब्लर व लिंकर तयार करते, आणि मग त्यांच्याच साहाय्याने कर्नल व संपूर्ण यूजरलँड, म्हणजे कर्नलबाहेरचे सारे प्रोग्राम, बांधते. यासाठी रूट अधिकार लागत नाहीत.

स्वतःच्या बोर्डाला हात लावण्यापूर्वी, याच साधनांनी नेटबीएसडीचा ‘व्हर्ट६८के’ हा पोर्ट बांधून क्यूईएमयू एम्युलेटरमध्ये चालवावा. कर्नल सुरू होताना काय क्रमाने छापतो, तो अडकला की जीडीबी हा दोष शोधण्याचा प्रोग्राम कसा जोडायचा, कॉन्फिग फाइलमधील एक ओळ काढली की काय बदलते, हे तेथे निर्धास्तपणे शिकता येते. ज्यांना केवळ जुन्या यंत्राचा अनुभव हवा आहे, त्यांनी येथेच थांबले तरी हरकत नाही.

सिरीयलवर पहिले अक्षर

कर्नलच्या आधी एक अगदी लहान प्रोग्राम चालवायचा असतो, ज्याने सिरीयल पोर्टवर एक अक्षर पाठवावे आणि तेच पुन्हापुन्हा करत राहावे. या टप्प्याला फाटा देऊ नये. पुढे प्रत्येक अडचणीत यंत्र तुमच्याशी बोलणार आहे ते याच वाटेने, आणि वाटच शंकास्पद असेल तर दोष कर्नलमध्ये आहे की केबलमध्ये हे ठरवता येत नाही.

प्रथम तारा. आरएस-२३२ पोर्टवरील संकेत धन-ऋण ३ ते १५ व्होल्टचे असतात, तर स्वस्त यूएसबी मॉड्यूलच्या पिनांवर शून्य ते ३.३ किंवा ५ व्होल्ट असतात. दोन्ही थेट जोडू नयेत. मध्ये मॅक्स२३२ हवी किंवा आरएस-२३२ पातळीची तयार केबल हवी. पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर २ आणि ३ या पिना उलट-सुलट करून पाहाव्या लागतात. काही यंत्रे हँडशेकचे, म्हणजे समोरचे यंत्र तयार असल्याचे, संकेत मिळाल्याशिवाय एक अक्षरही सोडत नाहीत. त्यासाठी यंत्राच्या बाजूला ४ आणि ५ या पिना एकमेकींना, आणि ६, ८ व २० या तिन्ही एकत्र जोडाव्यात. वेग बहुधा सेकंदाला ९६०० बिट असतो. रॉमची स्वतःची ओळ लॅपटॉपवर नीट दिसली, की तारांचा प्रश्न मिटला.

मग प्रोग्राम. बोर्डावर ६८६८१ आहे असे धरू. तिच्या स्टेटस रजिस्टरमधील दोन क्रमांकाचा बिट, मोजणी शून्यापासून करता, पुढचे अक्षर घेण्यास ट्रान्समीटर तयार आहे असे सांगतो. तो बिट १ होईपर्यंत थांबायचे आणि अक्षर ट्रान्समिट रजिस्टरमध्ये लिहायचे, इतकेच. नवशिके अडखळतात ते रजिस्टरांच्या अंतरावर. चिप आठ बिटी आणि बस रुंद असल्यामुळे तिची रजिस्टरे लागोपाठच्या पत्त्यांवर नसून दर दुसऱ्या किंवा दर चौथ्या पत्त्यावर येतात, आणि कित्येकदा सारे पत्ते विषम असतात. रॉम चिपची प्रारंभिक मांडणी करून ठेवतेच, म्हणून सुरुवातीला ती पुन्हा करण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रोग्राम यंत्रात घालण्यासाठी रॉममध्ये मॉनिटर, म्हणजे सिरीयलवरून आज्ञा घेणारा छोटा प्रोग्राम, असेल तर तो बहुधा मोटोरोलाची एस-रेकॉर्ड पद्धत समजतो. यात प्रोग्रामचे बाइट षोडशमान अक्षरांत लिहिलेल्या, ‘एस’ने सुरू होणाऱ्या ओळींच्या रूपात सिरीयलवरून पाठवले जातात. मॉनिटर नसेल तर आपली ईप्रॉम लिहून बसवावी लागते. मूळ ईप्रॉम मात्र डबीत जपून ठेवाव्यात. अक्षरे दिसू लागली की त्याच प्रोग्रामला हळूहळू वाढवावे: एखाद्या पत्त्यावरचा शब्द वाचून छापणे, मेमरी लिहून पुन्हा तपासणे, पत्त्यांचा मोठा पट्टा धुंडाळणे. जेथे कोणतीच चिप उत्तर देत नाही तेथे चांगल्या बोर्डावर बस एरर येतो आणि तुमचा हँडलर, म्हणजे त्या प्रसंगी चालणारा कोड, तो नोंदवू शकतो. ज्या बोर्डावर असा पहारा नाही तेथे प्रोसेसर उत्तराची वाट पाहत कायमचा थांबतो आणि रीसेटचे बटण दाबावे लागते. यातून तयार होणारा पत्त्यांचा नकाशा रॉममधून काढलेल्या नकाशाशी ताडून पाहावा.

कर्नलची पहिली पावले

नेटबीएसडीच्या स्रोतात ‘सिस/आर्च’ या फोल्डरखाली प्रत्येक पोर्टचा एक फोल्डर असतो आणि ‘एम६८के’ या फोल्डरात त्या कुळाचा सामाईक कोड असतो. त्यातल्या त्यात आपल्या बोर्डाशी मिळताजुळता पोर्ट निवडून त्याची नक्कल करावी, आणि मग लागत नाही ते निर्दयपणे काढून टाकावे. माझ्या मते सन-३ हा पोर्ट नकलेसाठी घेऊ नये, कारण त्या यंत्रांत सनचा स्वतःचा वेगळ्या घडणीचा एमएमयू होता. मोटोरोलाच्या एकाच बोर्डावर मावणाऱ्या संगणकांसाठीचा ‘एमव्हीएमई६८के’ हा अधिक जवळचा पडतो. कॉन्फिग फाइलमध्ये सुरुवातीला केवळ प्रोसेसर, सिरीयल आणि टायमर एवढीच उपकरणे ठेवावीत.

कर्नलची पहिली सूचना ‘लोकोअर’ या असेंब्ली फाइलमध्ये असते. तेथे इंटरप्ट बंद करणे, कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधील जलद तात्पुरती मेमरी, बंद करणे, मेमरी किती ते ठरवणे, पानांचे तक्ते रचणे आणि एमएमयू चालू करणे ही कामे होतात. यातील शेवटच्या कामात सर्वाधिक लोक अडकतात. एमएमयू चालू करणारी सूचना संपते त्या क्षणापासून प्रोसेसर पुढची सूचना आभासी पत्त्यावर शोधू लागतो. कर्नल ज्या भौतिक पत्त्यावर उतरवला आहे आणि ज्या आभासी पत्त्यासाठी लिंक केला आहे ते वेगळे असतील, तर पुढची सूचना सापडत नाही आणि यंत्र मुकाट्याने बसते. यावर उपाय दोन आहेत. बोर्डावरील रॅमची रचना परवानगी देत असेल तर दोन्ही पत्ते सारखेच ठेवावेत. नाहीतर ६८०३० मधील ‘ट्रान्सपरंट ट्रान्सलेशन’ रजिस्टर वापरून, त्या उडीपुरता तो पट्टा भाषांतराशिवाय जाऊ द्यावा. उपकरणांच्या रजिस्टरांचा पट्टाही याच रजिस्टरांतून उघडा ठेवता येतो, म्हणजे एमएमयू चालू झाल्यानंतरही सिरीयलवर अक्षर पाठवता येते. प्रत्येक टप्प्यानंतर वेगळे अक्षर पाठवण्याची सोय असेंब्लीतच करून ठेवावी. शेवटचे अक्षर कोणते दिसले यावरून यंत्र कोठे थांबले ते कळते.

उपकरणांचा पट्टा कॅशेच्या बाहेर ठेवायला विसरू नये. ६८०३० चा डेटा कॅशे अवघा २५६ बाइटांचा आहे, तरीही स्टेटस रजिस्टरचे जुने मूल्य त्यात अडकून राहिले तर ट्रान्समीटर कधीच तयार होत नाही असे वाटत राहते. पोर्ट पूर्ण होईपर्यंत डेटा कॅशे बंदच ठेवणे शहाणपणाचे. पानांच्या तक्त्यांचा पुढचा कारभार सामाईक कोडमधील पीमॅप हा भाग पाहतो. तो वाचून समजून घ्यावा, पण बदलू नये. बोर्डावर ६८८८१ किंवा ६८८८२ ही गणिती चिप नसेल तर कर्नलमधील सॉफ्टवेअर अनुकरणाचा पर्याय चालू करावा लागतो.

इंटरप्ट आणि घड्याळ

कर्नलचे स्वागताचे बोल उमटून तो उपकरणांची यादी छापू लागला, की घड्याळाकडे वळावे. कर्नलला सेकंदाला १०० वेळा टिकटिक हवी असते. ६८६८१ मध्येच एक टायमर असतो आणि तिला नेहमी ३.६८६४ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल जोडलेले असते. ही वारंवारता १६ ने भागली की २,३०,४०० येते, आणि ती १०० ने भागली की २३०४. पण टायमरमध्ये ११५२ लिहायचे असतात, कारण ही चिप चौरस तरंग निर्माण करते आणि तिच्या एका पूर्ण आवर्तनाला लिहिलेल्या आकड्याच्या दुप्पट ठोके लागतात. २३०४ लिहिले तर सारे सुरळीत चाललेले दिसते, मात्र यंत्राचा एक मिनिट तुमच्या दोन मिनिटांचा होतो. दर शंभर टिकांनंतर एक टिंब छापून मनगटी घड्याळाशी साठ टिंबे ताडून पाहणे ही येथे पुरेशी कसोटी आहे.

६८००० कुळात इंटरप्टच्या सात पातळ्या असतात आणि सातवी अडवता येत नाही. हँडलरमध्ये चिपला तिचा इंटरप्ट पोहोचल्याची पोच दिली नाही, तर हँडलरमधून बाहेर पडताच तोच इंटरप्ट पुन्हा येतो आणि यंत्र गोठल्यासारखे दिसते. पोच कशी द्यायची हे चिपगणिक बदलते; ६८६८१ च्या टायमरसाठी एक ठरावीक पत्ता नुसता वाचावा लागतो. तारीख-वेळ ठेवणाऱ्या जुन्या चिप्स वर्षाचे दोनच अंक साठवतात, तेव्हा शतक कोणते हे कोडमध्येच ठरवून द्यावे.

रूट फाइलसिस्टीम: आधी नेटवर्क, मग डिस्क

आतापर्यंत एस-रेकॉर्डने काम भागले असेल, पण पूर्ण कर्नलसाठी ते परवडत नाही. ९६०० च्या वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे जातात. दोन एमबीचा कर्नल षोडशमान लिपीत चाळीस लाखांहून अधिक अक्षरांचा होतो, म्हणजे प्रत्येक प्रयोगाला सव्वा तासाच्या वर. म्हणून इथरनेट चिपचा ड्रायव्हर डिस्कच्या आधी जोडावा आणि एक छोटा बूटलोडर लिहावा. यंत्राने बूटपीने आपला आयपी पत्ता मिळवावा, टीएफटीपीने कर्नल उतरवावा, आणि कर्नलने रूट फाइलसिस्टीम एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरील दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवरून, चढवावी, अशी ही साखळी आहे. सर्व्हर म्हणून नेटबीएसडीचेच दुसरे यंत्र वापरणे सोयीचे, कारण जुने बूटलोडर एनएफएसची दुसरी आवृत्ती बोलतात आणि आजच्या लिनक्स वितरणांत ती बहुधा बंद असते. बोर्डावर पंधरा पिनांचा एयूआय हा जुना इथरनेट पोर्ट असेल तर त्याला १०बेस-टी ट्रान्सीव्हर लागेल. स्विच जुना, १०/१०० वेगाचा घ्यावा, कारण काही नव्या स्विचना १० एमबीपीएसचा वेग समजत नाही.

यूजरलँड नव्याने बांधावे लागत नाही. एकाच प्रोसेसर कुळातील पोर्टचे बायनरी सामाईक असतात, म्हणून दुसऱ्या ६८के पोर्टचे तयार संच एनएफएसच्या फोल्डरात उलगडले तरी चालतात. केवळ टर्मिनलच्या आणि उपकरण-फाइल्सच्या नोंदी आपल्या बोर्डानुसार बदलाव्या लागतात. सिंगल यूजर मोडचा प्रॉम्प्ट आला की मल्टियूजरकडे जाण्यापूर्वी मोठ्या फाइल्सची नक्कल करून त्यांचे चेकसम ताडावेत. मेमरीतील किंवा डीएमएमधील, म्हणजे प्रोसेसरला वगळून मेमरीशी थेट होणाऱ्या देवाणघेवाणीतील, दोष येथेच उघडे पडतात.

डिस्कचा भाग थोडक्यात: मूळ डिस्कवर प्रयोग करू नयेत. एसडी कार्डाला स्कझी डिस्क भासवणारी पन्नास पिनांची पट्टी घ्यावी, ड्रायव्हर प्रथम डीएमएशिवाय चालवावा आणि वाचन विश्वासार्ह झाल्यानंतरच लेखन सुरू करावे.

काम प्रकल्पाकडे देणे

पोर्ट स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवला तर दोन-तीन आवृत्त्यांनंतर तो बांधला जाणे बंद होते, कारण सामाईक कोड बदलत राहतो आणि तुमच्या फाइल्सना ते कोणी कळवत नाही. म्हणून कर्नल नुसता बूट होऊ लागला की लगेच प्रकल्पाशी बोलणे सुरू करावे. पाठवताना सामाईक कोडमधील दुरुस्त्या वेगळ्या आणि नव्या फोल्डरातील फाइल्स वेगळ्या द्याव्यात. नक्कल केलेल्या फाइल्समधील मूळ लेखकांचे हक्क-निवेदन जसेच्या तसे राहू द्यावे. बूट होतानाचा संपूर्ण मजकूर, बोर्डाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, जंपरांची मांडणी आणि तुम्ही काढलेला पत्त्यांचा नकाशा सोबत जोडावा, कारण तो बोर्ड त्या प्रकल्पातील दुसऱ्या कोणाकडेही नसण्याची शक्यता मोठी आहे. यानंतर अधूनमधून, निदान प्रत्येक नव्या आवृत्तीच्या आधी, यंत्र चालू करून चाचणी घेण्याची आणि निकाल कळवण्याची जबाबदारी तुमच्याकडे येते. पावसाळ्यात यंत्र पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवले तर त्या वेळी ते चालू होते.